निजामशहाचे मूळ गाव

मराठीवरील फार्सीचा प्रभाव शिकवताना निजामशाहीचा उल्लेख टाळता येत नाही, आणि तो उल्लेख आला की नगरच्या विद्यार्थ्यांना एक हकीकत सांगण्याचा मोह आम्हांला आवरत नाही. ज्या मलिक अहमदाने १४९४ च्या सुमारास सीनेच्या काठी हे शहर वसवले, त्याचा बाप मलिक हसन जन्माने ब्राह्मण होता आणि त्याच्या पूर्वजांकडे पाथरीचे कुळकर्णपण होते. ही हकीकत फेरिश्त्याने लिहून ठेवली आहे. फेरिश्ता स्वतः कॅस्पियन समुद्राजवळच्या अस्त्राबादेत जन्मलेला; बापाबरोबर लहानपणी नगरला आला आणि १५८९ मध्ये विजापूरला गेला. दुसऱ्याच्या मुळांची नोंद बहुधा असेच लोक नीट करतात.

त्याच्या म्हणण्याप्रमाणे काही तंट्यामुळे या घराण्यातला कोणी पाथरी सोडून विजयनगरच्या मुलखात गेला. पुढे अहमदशहा बहमनीच्या स्वारीत तिमा नावाचा एक मुलगा कैद झाला. त्याला मुसलमान करून हसन हे नाव दिले आणि शहाजाद्याच्या सोबतीस ठेवून फार्सी शिकवली. त्याच्या बापाचे नाव भैरव. शहाजाद्याच्या जिभेवर ते नीट बसेना, म्हणून भैरवाचे ‘बहरी’ झाले आणि तीच या घराण्याची ओळख ठरली. दुसरी एक व्युत्पत्ती शिकारी पक्ष्याशी जोडलेली आहे. मराठीत आपण बहिरी ससाणा म्हणतो तो. एका कुळनामात ग्रामदैवत बसले आहे की ससाणा, याचा निवाडा भाषाशास्त्राने करावा. आम्हांला दोन्ही शक्यता सोडवत नाहीत.

खरी गोष्ट पुढे आहे. मलिक अहमदाचा मुलगा बुऱ्हाण निजामशहा गादीवर आला, तेव्हा पाथरीचे ब्राह्मण भाऊबंद नगरला येऊन पोहोचले. पाथरी त्या वेळी वऱ्हाडच्या इमादशाहीत होती. ते परगणे आम्हांला द्यावे, बदल्यात अधिक उत्पन्नाचा मुलूख घ्यावा, असे नगरहून इमादशहाला लिहिण्यात आले. त्याने नकार दिला. तेव्हा दौलताबाद आणि वेरूळ पाहण्याचा बहाणा करून बुऱ्हाणाने १५१८ मध्ये अचानक पाथरी गाठली आणि जिंकली. इमादशहाने ती परत घेतली. १५२७ मध्ये बुऱ्हाणाने पुन्हा घेतली, किल्ला जमीनदोस्त केला आणि परगणा आपल्या ब्राह्मण नातलगांना देऊन टाकला. अकबराच्या काळापर्यंत तो त्यांच्याकडे चालला, असे फेरिश्ता म्हणतो.

अधिक उत्पन्नाचा मुलूख देऊन कमी उत्पन्नाचा मागणे, हा राज्यकारभाराचा हिशेब नव्हे. इथे ‘वतन’ हा शब्द मदतीला येतो. अरबीत त्याचा अर्थ मायभूमी. मराठीत येताना त्याला पाटीलकी-कुळकर्णाचा, हक्कलाजिम्याचा अर्थ चिकटला. गावावरचे प्रेम आणि गावावरचा हक्क एकाच शब्दात राहू लागले. बुऱ्हाणाला यांतले नेमके काय हवे होते? आणि भाऊबंदांना? तिमा कैद झाला तेव्हा त्याला सोडवायला पाथरीहून कोणी गेल्याचे फेरिश्त्याने लिहिलेले नाही. नातू-पणतू छत्रपालक झाल्यावर मात्र नाते उजळले.

मागच्या हिवाळ्यात आम्ही दोघे पाथरीला गेलो. आमच्यापैकी एकाचे आडनाव ‘कर’ वर संपते आणि त्या ‘कर’च्या आधी पाथरी आहे. त्याच्या घरात चार पिढ्यांपूर्वी दुष्काळात गाव सोडल्याची एक आठवण आहे, कागद नाही. दुसऱ्याच्या घरात कागद आहे, आठवण नाही. त्याचे पणजोबा नगरमधल्या अमेरिकन मराठी मिशनच्या आश्रयाला आले आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीपासून घराण्याचा इतिहास सुरू झाला. त्याआधीचे गाव कोणते, हा विषय त्या घरात निघत नसे. तेही वतनदारच होते, महारवतनाचे. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात ज्या वतनाविरुद्ध विधेयक मांडले, ते. एकाच शब्दाने कुळकर्ण्याला मान मिळाला आणि महाराला वेठ.

नगर, पाथर्डी, माजलगाव, पाथरी. एकच हमरस्ता थेट जातो. ढालेगावजवळ गोदावरी ओलांडली की परभणी जिल्हा लागतो. पाथरी हे तालुक्याचे गाव. मोगलाईत वऱ्हाडच्या सुभ्यात सरकारचे ठाणे होते, हे आज पाहून सांगता येत नाही. आम्ही ओळखीतून एका निवृत्त शिक्षकांच्या घरी गेलो. निजामाचे मूळ घराणे इथले, असे आम्ही म्हणताच ते म्हणाले, ‘‘निजाम हैदराबादचा. आमचे वडील रझाकारांच्या वेळी इथेच होते.’’ १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत ज्या गावाने आसफजाही निजामाचा अंमल पाहिला, तिथे चारशे वर्षांपूर्वीचा दुसरा निजाम कोणाला आठवणार? आम्ही फरक समजावून सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकला आणि विचारले, ‘‘म्हणजे साईबाबांसारखेच झाले म्हणायचे.’’

हे आमच्या ध्यानात आले नव्हते असे नाही, पण इतक्या सरळपणे कोणी म्हटले नव्हते. पाथरीत साईंचे जन्मस्थान मानून मंदिर उभे आहे. पाथरीच्या ब्राह्मणाचे मूल फकिराच्या हाती सोपवले गेले, अशी ती आख्यायिका. हेमाडपंतांच्या साईसच्चरितात मात्र बाबांचे आईबाप आणि जन्मस्थान कोणासच ठाऊक नाही असे आहे. जानेवारी २०२० मध्ये पाथरीच्या विकासासाठी शंभर कोटींची घोषणा ‘जन्मस्थान’ या शब्दासह झाली आणि १९ तारखेला शिर्डी बंद राहिली. मंदिर तेवढे उघडे होते. आमच्या जिल्ह्याने पाथरीकडून दोनदा माणूस घेतला असे मानले, तर दोन्ही वेळा कथा एकच आहे: ब्राह्मणाचे मूल, मुसलमानाच्या घरी वाढलेले. एकाच्या वंशजाने गाव फौजेनिशी मागितले. दुसऱ्याने जात-गाव विचारणाऱ्याला उभ्या आयुष्यात सरळ उत्तर दिले नाही. मोठ्या झालेल्या परक्याला आपल्यात ओढण्याची ही एक ठरीव रीत असावी, असा संशय आम्हांला येतो, आणि फेरिश्त्याच्या हकिकतीकडेही मग थोडे सावधपणे पाहावे लागते.

बुऱ्हाणाचे शेवटचे गाव तर तिसरेच निघाले. १५३७ मध्ये शाह ताहिरच्या प्रभावाने त्याने शिया पंथ स्वीकारला होता. १५५३ मध्ये तो वारल्यावर त्याचे अवशेष करबलेला नेण्यात आले, असे इतिहास सांगतात. बापाने वसवलेल्या शहराचे सरकारी नावही २०२४ पासून अहिल्यानगर आहे. त्या नावाच्या मालकिणीचे जन्मगाव चौंडी याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यात. तिच्या मूळ गावाबद्दल कधी वाद झाला नाही.

शिक्षकांनी चहा आणवला. पाथरीच्या आडनावाच्या मित्राला त्यांनी विचारले, ‘‘कोणत्या गल्लीतले? कोणाच्या घरातले?’’ त्याला सांगता आले नाही. ‘‘मग शोधून काढू की,’’ म्हणून त्यांनी दोन-तीन घरे भराभर मोजली, एका वाड्याची पडकी भिंत खिडकीतून दाखवली, आणि अर्ध्या तासात आमचा मित्र गावचा झाला. मग ते दुसऱ्याकडे वळले.

‘‘आणि आपण?’’

‘‘नगरचा.’’

‘‘ते झाले हो. मूळचे कुठले?’’

मराठीत हा प्रश्न गावाविषयी क्वचितच असतो, हे त्या खोलीतल्या तिघांनाही माहीत होते. ‘‘नगरचाच,’’ तो म्हणाला. शिक्षकांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिले, आणि बशी त्याच्यापुढे सरकवली.