खोडणें आणि झांकणें

संगणकावरील चित्राचा एखादा भाग दिसेनासा करावयाचा झाल्यास मार्ग दोन : तो खोडून टाकणें, किंवा तो झांकून ठेवणें. पाहणाऱ्यास दोहोंचा परिणाम सारखाच दिसतो. परंतु त्यांत केवढें अंतर आहे, हें आमच्या एका विद्यार्थ्यास साह्य करतांना आम्हांस विशेष जाणवलें.

नववींतील हा मुलगा आपल्या दिवंगत आजोबांचें छायाचित्र घेऊन आला. एका लग्नाच्या गर्दींत काढलेली ती एकच प्रत घरीं उरली होती. मागची गर्दी जाऊन तेथें आजोबांचें शेत दिसावें, अशी आजीची इच्छा. मुलानें गिंप हें मोफत सॉफ्टवेअर उघडून लागलीच खोडरबर हातीं घेतला. आम्हीं त्यास थांबविलें व प्रथम मूळ फाइलची नक्कल काढावयास लाविली.

मग थरांची रचना सांगितली. एकावर एक काचा ठेवाव्या, तसे हे थर असतात. खालीं शेत, वर आजोबा. वरची काच जेथें पारदर्शक होईल, तेथून खालचें दिसेल. ही पारदर्शकता संगणक अंकांनीं मोजतो. बिंदूच्या लाल, हिरव्या व निळ्या रंगांच्या अंकांस एक चौथा अंक जोडलेला असतो. त्यास अल्फा म्हणतात. ही कल्पना एड कॅटमुल व आल्व्ही रे स्मिथ यांनीं १९७७ च्या सुमारास न्यूयॉर्क प्रांतीं पुढें आणिली. बहुधा ० म्हणजे पूर्ण पारदर्शक, २५५ म्हणजे पूर्ण अपारदर्शक. वरच्या बिंदूचा अंक २००, खालच्याचा १०० व पारदर्शकता निम्मी असल्यास १५० दिसेल.

आतां हें खोडरबरानेंही साधतें; परंतु फाइल जतन करून बंद केली कीं खोडलेलें परत मिळेलच अशी खात्री नसते. म्हणून वरच्या थरास मास्क जोडावा. मास्कवर काळा रंग दिला तेथें चित्र लपतें, पांढरा दिला तेथें प्रकटतें, करड्यानें अर्धवट दिसतें. आजोबांच्या विरळ केसांच्या कडेस मुलानें मऊ कुंचल्यानें करडा रंग दिला, तेव्हां कात्रीनें कापल्यासारखी कड राहिली नाहीं.

चित्र घरीं गेलें. दुसऱ्या दिवशीं मुलगा परत आला. आजीनें चित्र पाहून एवढेंच विचारलें होतें, “अरे, भाऊजी कुठें गेले?” आजोबांशेजारीं त्यांचे धाकटे बंधु उभे होते, गर्दींतले एक समजून मुलानें त्यांनाही झांकलें होतें. तेही आतां हयात नाहींत. मुलानें मास्कवर त्या जागीं पांढरा रंग फिरविला, आणि दोघे भाऊ शेतांत शेजारीं शेजारीं उभे राहिले. खोडरबर चालविला असता, तर त्या फाइलींत ते पुन्हां सांपडले असतेच असें नाहीं.

चित्राखालीं आम्हीं एक ओळ लिहविली : “मागील शेत नंतर जोडलें आहे.” पुढच्या पिढीस तें लग्न शेतांत झालें असें वाटूं नये.

विद्यार्थ्यांनीं व पालकांनींही एवढें ध्यानांत ठेवावें. थरांसह फाइल गिंपच्या एक्ससीएफ स्वरूपांत निराळी ठेवावी. पारदर्शक भाग राखावयाचा असल्यास पीएनजी वापरावें, कारण जेपेग तो राखीत नाहीं. आणि घरांतील जुन्या छायाचित्रांतून कोणासही काढण्यापूर्वीं, तो कोण हें घरच्या वडीलधाऱ्यांस विचारावें.