बूचपट्टी

प्रवासास निघताना घरचे काही तरी बरोबर घ्यावे, ही आम्हां महाराष्ट्रीयांची खोड फार जुनी आहे. आगगाडीत जेवण मिळते हे ठाऊक असूनही दशम्या बांधून घेणारी पिढी आम्ही पाहिली. आणि विमानात जेवण मिळते हे ठाऊक असूनही चकल्यांचा डबा हातातल्या पिशवीत ठेवणारी पिढी तर आम्हीच आहोत. तेव्हा २०२४ च्या जून महिन्यात अमेरिकेतील सिॲटल बंदरातून अलास्काकडे जाणाऱ्या एका प्रवासी जहाजावर आम्ही घरची वस्तू घेऊन चढलो, यात नवल काहीच नव्हते. नवल एवढेच, की ती वस्तू दशमी अथवा चकली नसून वाइनची बाटली होती. आणि ती नेणारे आम्ही उभयतां जन्मात कधी मद्यास शिवलेलो नव्हतो.

ती बाटली आमच्याकडे आली कशी, हे पुढे सांगूच. आधी जहाजाचा कायदा सांगितला पाहिजे. अशा सहलीच्या जहाजांवर प्रवाशाने आपले मद्य आणावे की नाही, याविषयी निरनिराळ्या कंपन्यांचे निरनिराळे नियम आहेत. काही ठिकाणी साफ मनाई असते. आमच्या जहाजावर प्रत्येक प्रौढ प्रवाशास ७५० मिलिलिटरची एक बाटली नेण्याची मुभा होती. मात्र ती वाइनचीच असावी, पहिल्या दिवशीच आणावी आणि हातातल्या सामानात असावी. व्हिस्की, रम इत्यादी कडक मद्ये सापडल्यास ती काढून घेतात आणि प्रवास संपल्यावर परत देतात. आपल्या वाइनची बाटली आपल्या खोलीत बसून रिचविली तर पैसे पडत नाहीत. परंतु तीच भोजनगृहात टेबलावर मागविली, तर बूच उघडून पेले मांडण्याबद्दल १५ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या भावाने सुमारे साडेबाराशे रुपये, मोजावे लागत. या आकारास इंग्रजीत कॉर्केज म्हणतात. घरपट्टी आणि पाणीपट्टी भरण्यात आयुष्य गेलेल्या आम्ही त्याचे नाव बूचपट्टी असे ठेवले.

चिरंजीवांनी हा नियम वाचून दाखविला तेव्हा आम्हांस संताप आला. बाटली आमची, तोंड आमचे, आणि मधल्या बुचावर कर या परक्याचा! परंतु थोडा विचार केल्यावर जहाजवाल्याची बाजूही ध्यानात आली. या जहाजांचे मूळ भाडे पुष्कळदा एखाद्या बऱ्या हॉटेलाहून अधिक नसते. त्यात निजण्याची खोली, तिन्ही त्रिकाळचे भोजन, गाणीबजावणी आणि एका बंदराहून दुसऱ्या बंदरास जाणे हे सारे येते. एवढ्यावर कंपनीचे भागत नाही. जहाजावर चढलेला प्रवासी पुढे जे खर्च करतो, म्हणजे मद्य, जुगार, मालिश, किनाऱ्यावरील सहली, त्यांवरच तिची भिस्त असते. मोठ्या कंपन्यांच्या उत्पन्नाचा सुमारे तिसरा हिस्सा या मार्गाने येतो. प्रवाशाने आपली बाटली आणणे म्हणजे खाणावळीत आपली भाजी घेऊन जाऊन फुकटची पोळी मागण्यासारखेच आहे. मालकाने हसतमुखाने पोळी वाढावी, ही अपेक्षा जरा जादाच.

पण मनुष्य मोठा हिकमती. चिरंजीवांच्या मित्रमंडळींनी आम्हांस ज्या युक्त्या सांगितल्या, त्या ऐकून आम्ही थक्क झालो. कोणी गुळण्या करण्याच्या हिरव्या औषधाची बाटली रिकामी करून तीत पांढरे मद्य ओततात आणि खाण्याचा हिरवा रंग घालतात. कोणी क्ष-किरणांच्या तपासणीत उठून दिसू नयेत अशा प्लास्टिकच्या मऊ पिशव्या भरून त्या कपड्यांच्या घड्यांत दडवितात. पकडल्या गेलेल्या पेट्या एका खोलीत नेऊन ठेवतात. तेथे मालकाने जाऊन सर्वांदेखत आपले पाप उघडून दाखवावयाचे असते. त्या खोलीस प्रवासी थट्टेने 'खोडकरांची खोली' म्हणतात. हजारो डॉलर खर्चून निघालेला गृहस्थ पन्नास डॉलरच्या मद्यासाठी शाळकरी पोराप्रमाणे उभा राहतो, हे दृश्य मौजेचे खरे. परंतु 'आपले ते आपले' ही भावना पैशाच्या हिशेबाने चालत नाही, हेही त्यातून दिसते.

तसे पाहिले तर मद्य आणि जहाज यांची सोबत आमच्या देशासही नवी नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक खलाशाने आपल्या समुद्रमार्गांचे जे वर्णन लिहून ठेवले, त्यात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालामध्ये इटलीच्या मद्याचा उल्लेख आहे. प्रवरेच्या काठी नेवासे येथे डेक्कन कॉलेजाने १९५४ ते १९५६ या काळात जे उत्खनन केले, त्यात भूमध्य समुद्राकडील दोनकानी मद्यकुंभांचे तुकडे निघाले. म्हणजे ज्ञानेश्वरी जेथे सांगितली गेली, त्या गावी तिच्या हजार-बाराशे वर्षे आधी परदेशी द्राक्षरसाचे घडे येऊन पोहोचले होते! पोर्तुगीजांच्या मदीरा बेटावरील मद्याची कथा तर याहूनही नवलाची. जहाजाच्या पोटात, उष्ण कटिबंधातील उकाड्यात महिनोन् महिने हेलकावे खाऊन ते बिघडण्याऐवजी अधिक रुचकर होते, असा अनुभव आला. तेव्हा व्यापारी त्याची पिंपे मुद्दाम सागरी फेरीस पाठवून परत आणू लागले. पुढे तोच परिणाम साधण्यासाठी जमिनीवरच उष्णता देण्याची रीत निघाली. काही वस्तूंस प्रवास मानवतो. सर्वांस मानवत नाही, हे आम्हांस लवकरच कळावयाचे होते.

आता आमच्या बाटलीविषयी. आमचे धाकटे बंधू नाशिक जिल्ह्यात दिंडोरीजवळ द्राक्षांची शेती करीत. गळ्यात तुळशीची माळ, आषाढीस पंढरपूर चुकावयाचे नाही, असा त्यांचा नेम. त्यांच्या बागेत खाण्याची बिनबियांची द्राक्षे होती आणि ती बरी चालली होती. २००१ साली महाराष्ट्र सरकारने द्राक्षांवर प्रक्रिया करणाऱ्या उद्योगास उत्तेजन देण्याचे धोरण काढले. नाशिकच्या आसपास वाइनचे कारखाने उभे राहू लागले आणि वर्तमानपत्रांत फ्रान्सशी आमची तुलना सुरू झाली. ती तुलना वाचून ज्यांची छाती फुगली, त्यांत पुण्यात बसलेले आम्हीही होतो. आम्ही कात्रणे कापली, बंधूंस पत्रे धाडली, हिशेब मांडून दिले. 'माळकऱ्याच्या शेतात दारूची द्राक्षे कशी लावू?' असे ते म्हणाले, तेव्हा शेतकऱ्याने पीक पाहावे, पिणाऱ्याचे पाप मोजू नये, असा उपदेशही आम्हीच केला. वडील भावाचा शब्द त्यांनी मोडला नाही. २००५ साली त्यांनी तीन एकर जुनी बाग काढून वाइनच्या वेली लावल्या.

दोन-तीन वर्षे वेल वाढविण्यात जातात. पीक हाती येऊ लागले आणि २००८ सालची मंदी आली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला आणि हॉटेलांची गिऱ्हाइके ओसरली. कित्येक कारखान्यांचा माल पडून राहिला आणि त्यांनी द्राक्षे घेणे थांबविले. वाइनची द्राक्षे बारीक, जाड सालीची, बियांनी भरलेली असतात. ती बाजारात खाण्यासाठी कोणी घेत नाही. कारखान्याने नाही म्हटले की दुसरे गिऱ्हाईक नाही. २००९ साली बंधू पुण्यास आले आणि दोन हंगाम तग धरण्यापुरते पैसे त्यांनी आमच्याकडे मागितले. त्या वेळी चिरंजीवांच्या परदेशी शिक्षणाची तजवीज चालली होती. आम्ही त्यांस 'धंद्यात चढउतार असावयाचेच' असे सांगितले. त्यांनी मान हलविली, चहा घेतला आणि संध्याकाळच्या एसटीने ते परत गेले. २०११ साली त्यांनी वेली उपटल्या.

ज्या कारखान्याकडे बाकी राहिली होती, त्याने बाकीपोटी रोख रकमेऐवजी दोन खोकी बाटल्या दिल्या. त्यांतील एक बाटली त्यांनी आम्हांस आणून दिली. 'दादा,' ते म्हणाले, 'मी तर पीत नाही, तुम्हीही पीत नाही. कोणी जाणता भेटला तर त्याला चाखायला द्या आणि विचारा, आपल्या मातीची कशी झाली ती.' आम्ही बाटली कपाटात ठेवली आणि विसरलो. २०२१ साली बंधू गेले. त्यांचा तो प्रश्न बाटलीबरोबर कपाटातच राहिला.

चिरंजीवांनी अलास्काच्या सहलीचा बेत कळविला तेव्हा सामान बांधताना आमच्या पत्नीने ती बाटली काढून पुढे ठेवली. 'तेथे जाणते लोक भेटतील,' एवढेच त्या म्हणाल्या. आम्ही ती धोतरात गुंडाळून पेटीत ठेवली. अमेरिकेत प्रौढ प्रवाशास एक लिटरपर्यंत मद्य जकातीवाचून नेता येते, त्यामुळे तेथे अडचण आली नाही. जहाजाच्या दारावरील तपासनिसाने तिजवरील 'नाशिक' ही अक्षरे वाचण्याचा प्रयत्न केला आणि हसून पुढे जाऊ दिले.

दुसरा दिवस सबंध समुद्रावर होता. बाटली खोलीतच उघडावी, म्हणजे बूचपट्टी वाचेल, अशी सूचना आम्ही केली. पत्नी म्हणाल्या, 'भावोजींची बाटली चोरून प्यायल्यासारखी दार लावून का उघडायची?' यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. रात्री भोजनगृहात आम्ही ती टेबलावर ठेविली. आमच्या टेबलाकडे मद्य पाहणारा इसम गोव्याचा निघाला. नाशिकचे नाव वाचताच तो मराठीत बोलू लागला. पंधरा डॉलर आमच्या खात्यावर मांडून त्याने बूच काढावयास घेतले, तो ते मधोमध मोडले. उरलेले त्याने हळूहळू, जखमेवरील पट्टी सोडवावी तसे सोडविले. पेल्यात थोडी वाइन ओतली. तिचा रंग तांबड्याचा विटकरी झाला होता. त्याने वास घेतला, एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

आम्ही त्यास बंधूंचा प्रश्न जसाच्या तसा विचारला.

तो थोडा वेळ थांबला. मग म्हणाला, 'साहेब, वाइन वाईट नव्हती. तळाशी अजून काही तरी आहे. पण ही ठेवून देण्याची वाइन नव्हे. दोन-चार वर्षांत प्यायची. तुम्ही उघडायला फार उशीर केलात.'

त्याने बूचपट्टी रद्द करण्याची तयारी दाखविली. आम्ही ती घेऊ दिली नाही. ज्या वेलींसाठी आम्ही इतके सल्ले दिले, त्यांच्यापायी आमच्या खिशातून गेलेले ते पहिले आणि शेवटचे पैसे होते. परक्याने आमचे बूच उघडण्याचे दाम मागितले तेव्हा आम्हांस केवढा राग आला होता! आपल्या माणसाने वेली तगविण्यापुरती मदत मागितली, तेव्हा मात्र आम्ही म्हणीवर भागविले. चिरंजीवांनी आणि सूनबाईंनी एकेक घोट घेतला. आयुष्यात प्रथमच आम्हीही ओठ लावले. आंबट होती. टेबलावर कोणी काही बोलले नाही.

परत आल्यावर आम्ही पुतण्यास पत्र लिहिले. त्याच्या वडिलांचा प्रश्न, त्या जाणत्याचे उत्तर आणि २००९ सालच्या त्या संध्याकाळची हकीकत, काही न झाकता लिहिली. जे त्या वेळी द्यावयास हवे होते ते आता देण्याचेही बोललो. त्याचे उत्तर चार ओळींचे आले. पैशाची गरज नाही. बाग पुन्हा खाण्याच्या द्राक्षांची केली आहे. वडिलांनी त्या संध्याकाळविषयी घरी कधी वावगे काढले नाही. 'वाइन वाईट नव्हती' हे ऐकून त्यांस बरे वाटले असते.

माघात त्याच्याकडून द्राक्षांची एक पेटी आली. वर चिठ्ठी होती: 'मोठे काका, लगेच खा. ठेवून देऊ नका.'

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आम्ही आळीतल्या सर्व मुलांस बोलावून पेटी रिकामी केली.