गिअर कोण टाकणार?

आपल्याकडे ऑटोमॅटिक गाडीची नुसती चौकशी केली, तरी तीन ठरलेले डायलॉग ऐकू येतात. एक, ती आळशांची गाडी. दोन, डिझेलमध्ये तर नकोच. आणि तिसरा एकदम ठेवणीतला, ‘रेसिंगवाले बघ, ऑटोमॅटिकला हात तरी लावतात का?’

बॉस, आधी या तिसऱ्याचा निकाल लावू. अमेरिकेत डिझेल पिकअप ट्रकच्या ड्रॅग रेस होतात. सरळसोट पट्टा, पाव मैल म्हणजे 402 मीटर, आणि त्यावर तीनेक टनांचं धूड काळा धूर सोडत सुसाट सुटतं. यातल्या सगळ्यात वेगवान ट्रकांमध्ये राज्य कुणाचं? चक्क ऑटोमॅटिकचं!

कारण सोपं आहे. डिझेलची खरी ताकद टर्बोत, आणि टर्बो फिरतो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गॅसवर. मॅन्युअलमध्ये गिअर बदलताना क्षणभर ॲक्सिलरेटर सोडावा लागतो. तेवढ्यात टर्बोचा दम जातो. ऑटोमॅटिकमध्ये पाय दाबलेला तो दाबलेलाच!

हे ज्ञान मला दिलं परतूरच्या माझ्या चुलतभावाने. पठ्ठ्याने अमेरिका पाहिलेली नाही, पण त्या ट्रकांचे व्हिडिओ त्याला तोंडपाठ. आणि हा विषय आमच्या घरात निघाला तो रेसिंगमुळे नाही, तर अण्णांच्या डाव्या गुडघ्यामुळे. गुडघा बदलला. ऑपरेशन छान झालं. पण क्लच दाबताना कळ यायला लागली. परतूर ते जालना साठ-पासष्ट किलोमीटर, शिवाय रोजची शेताची फेरी. मी पुण्यात, साडेतीनशेहून जास्त किलोमीटर लांब. ‘ड्रायव्हर ठेवू या’ म्हटलं तर अण्णांचा चेहरा उतरला. आणि ‘ऑटोमॅटिक घेऊ’ म्हटलं तर म्हणाले, ‘‘गाडीच गिअर टाकायली, मग मी काय नुसतं बसायचं का?’’

भावाने मग ड्रॅग रेसवाल्यांचे प्रश्न आमच्या गाडीला लावले. मला तो फंडा जाम आवडला.

पहिला प्रश्न, गिअरबॉक्स किती ओढ सोसतो? ओढ म्हणजे टॉर्क. रेसवाला हॉर्सपॉवरच्या आधी टॉर्कचा विचार करतो, कारण डिझेलचा टॉर्क खालच्या आरपीएमलाच धाडकन येतो आणि कच्चा गिअरबॉक्स तिथेच मोडतो. म्हणून कुणी 2001 पासून शेवरलेच्या डिझेल ट्रकांत आलेला ॲलिसन 1000 निवडतो, तर कुणी 1964 सालचा तीन गिअरचा टर्बो 400 आतून मजबूत करून बसवतो. जास्त गिअर म्हणजे जास्त भारी, असं अजिबात नाही! आणि ऑटोमॅटिक नाजूक असतो म्हणता? आपल्या चाकणला बनणारी स्कॉर्पिओ-एन 2022 मध्ये आली, तेव्हा वरच्या डिझेल मॉडेलला मॅन्युअलमध्ये 370 न्यूटन मीटर टॉर्क होता, ऑटोमॅटिकमध्ये 400. नाजूक पोराच्या खांद्यावर कुणी जास्त ओझं देतं का?

दुसरा प्रश्न, सुटताना काय होतं? अस्सल ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा. एक चालू केला की त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरायला लागतो. इथे वाऱ्याऐवजी तेल, एवढाच फरक. ब्रेक दाबून ॲक्सिलरेटर दिला, की इंजिन एका ठरावीक आरपीएमपर्यंत चढून अडतं. याला म्हणतात स्टॉल स्पीड. तो फार कमी ठेवला तर मोठा टर्बो जागाच होत नाही. फार जास्त ठेवला तर ताकद तेल तापवण्यातच वाया जाते. रेसवाल्याची अर्धी डोकेफोड याच एका आकड्यासाठी असते. आपल्याला तो आकडा कंपनीच ठरवून देते. आपण बघायचं एवढंच, की चढावर ब्रेक सोडल्यावर गाडी मागे घसरते, की अलगद पुढे सरकते.

तिसरा प्रश्न, उष्णता जाते कुठे? आमच्यासाठी हाच सगळ्यात महत्त्वाचा ठरला. रेसचा ट्रक काही सेकंद पळतो आणि गार व्हायला उभा राहतो. अण्णांच्या पुढे मात्र सीझनमध्ये उसाच्या ट्रॉल्या असतात, आणि त्यांच्यामागे बैलगाडीच्या वेगाने रांगायचं! 2014 मध्ये सेलेरिओबरोबर आपल्याकडे आलेला एएमटी स्वस्त आहे, मायलेजही झकास. पण तो मुळात मॅन्युअलच. क्लच तोच, फक्त तो दाबायला मशिन ठेवलंय. रांगताना तो क्लच घासत राहतो. डबल क्लचवाला गिअरबॉक्स हायवेवर लोणी, पण त्यातल्या कोरड्या क्लचच्या प्रकाराला असं रांगणं मानवत नाही. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये घसरण्याचं काम तेल करतं आणि ते तेल गार करायला कूलर असतो. डिझेल थोडं जास्त पितो, महागही पडतो, पण काळ्या मातीच्या चिखलातून हळूच बाहेर यायचं तर त्याच्यासारखा शहाणा नाही.

चौथा प्रश्न, बिघडला तर उघडणार कोण? रेसवाला आपला गिअरबॉक्स स्वतः खोलतो. परतूरमध्ये क्लचप्लेट बदलून मिळेल, पण ऑटोमॅटिक खोलायचा तर मोठं शहर गाठावं लागणार. म्हणून सेकंडहॅण्ड गाड्या बघताना मी पेंट, सीट, म्युझिक सिस्टीम काहीच पाहिलं नाही. गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं, त्याचं बिल मागितलं. ‘त्याला तेल बदलावंच लागत नाही’ म्हणणाऱ्या दोघांना नमस्कार करून निघालो. जळका वास येणारं काळं तेल म्हणजे रेड सिग्नल, दोस्तहो!

शेवटी सहा गिअरचा, टॉर्क कन्व्हर्टरवाला डिझेल घेतला. एएमटीच्या बजेटपेक्षा खिसा बराच जास्त हलका झाला. मित्र म्हणाले, त्या फरकात वर्षभर ड्रायव्हर आला असता. हिशेब बरोबर आहे. फक्त अण्णांना ड्रायव्हर नको होता. त्यांना कुणाला न सांगता, कुणाची वाट न बघता, पहाटे शेतावर जायचं होतं.

डॉक्टरांचा होकार आल्यावर पहिले चार दिवस त्यांचा डावा पाय नसलेला क्लच शोधत होता. पाचव्या दिवशी आईचा फोन आला, ‘‘सकाळपासून गाडी दारात नाही रे.’’ आवाजात काळजी शून्य.

गिअर गाडीने टाकावेत की आपण, यावर वाद घालायला आयुष्य पडलंय. कुठे जायचं आणि कधी निघायचं, हे आपल्या हातात राहिलं म्हणजे झालं!