निघण्याआधीची पाच मिनिटे

माझे काम पिकांविषयी सांगण्याचे. कांद्यावरचा करपा, मक्यावरची लष्करी अळी, खताच्या मात्रा, यांवर मी आजवर पुष्कळ बोललो. आज मात्र एका वेगळ्याच गोष्टीवर लिहीत आहे. हल्ली आपल्या सिन्नर तालुक्यात फिरताना दर चार घरांमागे एका अंगणात चारचाकी उभी दिसते. कोणी टोमॅटोच्या पैशांतून घेतली, कोणी पोराच्या नोकरीच्या पगारातून. तिच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली. ती सांगण्यासारखी आहे म्हणून सांगतो.

सन २०१८ चा मे महिना होता. दापोलीच्या कृषी महाविद्यालयात माझ्या खोलीत राहणारा एक मित्र मुंबईतल्या खारदांड्याच्या कोळीवाड्यातला. त्याच्या मुलीचे लग्न होते. हळदीला सकुटुंब यायचेच, असा त्याचा प्रेमाचा हुकूम. मी दोन वर्षांपूर्वी एक वापरलेली गाडी घेतली होती. सौभाग्यवती, आई, धाकटा मुलगा आणि मी असे चौघे पहाटे निघालो. आईच्या मांडीवर लाडवांचा डबा होता. डिकीत ठेवला तर लाडू फुटतील, असे तिचे म्हणणे.

निघण्याआधी दोन गोष्टी घडल्या होत्या. एक म्हणजे, आठ दिवसांपासून आमच्या अंगणात गाडीच्या मागच्या चाकाजवळ एक ओला डाग पडत होता. सकाळी सडा-रांगोळीच्या वेळी तो सौभाग्यवतींच्या नजरेस पडे. "हे बघा, रोज एकाच जागी ओलं होतंय," असे तिने दोनदा सांगितले. मी म्हणालो, "सर्व्हिसिंग करून महिनासुद्धा झाला नाही. कुत्र्याचं काम असेल." दुसरी गोष्ट म्हणजे समोरच्या काचेखालचा लाल दिवा. वळणावर किंवा उतारावर तो क्षणभर लागे आणि विझे. हा हँडब्रेकचा दिवा एवढेच मला ठाऊक होते, म्हणून हँडब्रेक नीट खाली दाबून मी पुढे जात असे. पुष्कळ गाड्यांत ब्रेकचे तेल कमी झाले तरी तोच दिवा लागतो, हे मला माहीत नव्हते. गाडीसोबत मिळालेले पुस्तक मी कधी उघडलेच नव्हते. फवारणीच्या औषधाची चिठ्ठी वाचल्याशिवाय बाटली उघडू नका, असे तीस वर्षे लोकांना सांगणारा मी!

घोटी, इगतपुरी मागे पडले. घाटनदेवीपाशी आई म्हणाली, "जरा थांब, हात जोडून येऊ." मी म्हणालो, "येताना थांबू, उशीर होतोय." आणि कसारा घाटाला लागलो.

पहिली दोन वळणे ठीक गेली. पुढे एक लांबलचक ट्रेलर चालला होता. वेग कमी करावा म्हणून ब्रेक दाबला, तर पेडल लोण्यात पाय जावा तसे खाली गेले. गाडी थोडी रेंगाळली, पण थांबेना. ट्रेलरची मागची बाजू जवळ येऊ लागली. त्या वेळी मनात काय आले ते लिहिता येत नाही. मागे आई आणि पोरगा आहेत, एवढेच कळत होते. एका जुन्या जीपचालकाने कधीकाळी सांगितलेले आठवले आणि पेडल भराभर तीन-चार वेळा दाबले. थोडा ब्रेक लागला. गाडी तिसऱ्यातून दुसऱ्या गिअरमध्ये घेतली. इंजिन किंचाळले, वेग मोडला. मग हँडब्रेक एकदम न ओढता हळूहळू वर घेत गाडी डोंगराच्या बाजूला घातली. चाक गटारीच्या कडेला टेकले आणि आम्ही थांबलो. आई म्हणाली, "का रे थांबलास? चहा घ्यायचाय का?" सौभाग्यवतींना मात्र सारे समजले होते. तिने माझ्याकडे पाहिले आणि काही बोलली नाही. ते न बोलणे मला फार लागले.

कसाऱ्याहून मोटारसायकलवर मेकॅनिक आला. मागच्या चाकातल्या ब्रेकच्या सिलिंडरचे रबर गेले होते आणि तेल थेंब थेंब बाहेर पडत होते. अंगणातला डाग तोच. तो म्हणाला, "साहेब, हल्लीच्या गाड्यांत ब्रेकच्या तेलाचे दोन वेगळे मार्ग असतात. एक गेला तरी दुसरा थोडंफार काम करतो, म्हणून वाचलात." सिलिंडर बदलून, नळ्यांतली हवा काढून निघेपर्यंत दुपार टळली. हळदीला पोहोचलो तेव्हा हळद लागून गेली होती, पण लाडू शाबूत होते.

मित्राचे थोरले भाऊ नाखवा. स्वतःची बोट, त्यावर चार-पाच खलाशी. रात्री जेवताना त्यांनी सगळी हकीकत ऐकली आणि एवढेच म्हणाले, "पहाटे माझ्याबरोबर चल."

खारदांडा ज्यांनी पाहिला नसेल त्यांना सांगतो. मागे उंचच उंच इमारती, पुढे समुद्र आणि मध्ये हा कोळीवाडा. गल्ल्या इतक्या अरुंद की माझी गाडी मला लांब लावावी लागली. किनाऱ्यावर बोंबील वाळवायच्या वलांड्या, जाळ्यांचे ढीग, रंगवलेल्या होड्या. अंधारातच आम्ही बोटीवर चढलो. जून-जुलैत मासेमारी बंद असते, त्यामुळे मेअखेरीस प्रत्येक फेरीला मोल. भरतीची वेळ साधायची घाई होती. तरी नाखवादादांनी इंजिन सुरू केले नाही. आधी विजेरी घेऊन बोटीच्या तळाशी किती पाणी साठले ते पाहिले. इंजिनातली ऑइलची पट्टी काढून फडक्याने पुसली, परत घातली, पुन्हा काढून उजेडात धरली. पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला. डिझेलच्या फिल्टरखालचा स्क्रू सैल करून तळाशी साचलेले पाणी सोडले. पंख्याचा दांडा जिथून बाहेर जातो तिथे हात घालून बोटे उजेडात तपासली. वायरलेस लागतो का पाहिले, जीवरक्षक जाकिटे मोजली. घड्याळात पाहिले, सात मिनिटे झाली होती.

मी विचारले, "दादा, हे रोज?"

"रोज. काल चालली म्हणून आज चालंल, असं यंत्र बोलत नाय. दर्यात गॅरेज नाय, भाऊ. बंद पडली का वारा न्येल तिकडं जायाचं."

मला आमच्या वडिलांची बैलगाडी आठवली. बाजाराच्या दिवशी ते आखाला वंगण घातल्याशिवाय जू उचलत नसत आणि बैलाच्या खुराची पत्री हाताने चाचपून बघत. आजही आपला शेतकरी ट्रॅक्टर सुरू करण्याआधी ऑइल आणि पाणी पाहतो, कारण ट्रॅक्टर बंद पडला तर पेरणी थांबते. पण अंगणातली चारचाकी म्हणजे पाहुणी! दसऱ्याला तिला झेंडूची माळ, पुढे लिंबू-मिरची, आठवड्याला शाम्पू. बॉनेट उघडायचे म्हटले की, "ते गॅरेजवाला बघंल."

गॅरेजवाला बघेलच. ठरलेल्या किलोमीटरला सर्व्हिसिंग हवेच. पण ते वर्षातून एक-दोनदा. मधल्या दिवसांत गाडीला काय होते ते फक्त घरच्यांना दिसते. ब्रेकच्या तेलाची बाटली बहुतेक गाड्यांत पांढुरकी, आरपार दिसणारी असते आणि तिच्यावर वरची व खालची अशा दोन रेघा असतात. झाकणही उघडावे लागत नाही, नुसते पाहायचे. पातळी खाली जात असेल तर तेल ओतून समाधान मानू नये, ते जाते कुठे ते शोधून घ्यावे. हे तेल हवेतला ओलावा शोषते आणि मग घाटात तापले की उकळून दगा देते. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलून घ्यावे. पुस्तकात वेगळी मुदत दिली असेल तर ती पाळावी.

इंजिन ऑइल सकाळी, इंजिन थंड असताना, सपाट जागी पाहावे. पट्टीवरच्या दोन खुणांच्या मध्ये असले म्हणजे झाले. दुधाच्या चहासारखे दिसले तर त्यात पाणी मिसळले असे समजून गाडी हलवू नये. रेडिएटरचे झाकण गरम इंजिनावर कधीही उघडू नये. उकळते पाणी तोंडावर उडून पोळलेली माणसे मी पाहिली आहेत. आणि त्यात बोअरचे पाणी ओतू नये. आपल्याकडच्या पाण्याचे क्षार ठिबकच्या नळ्यांत कसे बसतात ते तुम्ही जाणताच, रेडिएटरच्या नळ्या त्याहून बारीक असतात. कंपनीने सांगितलेले कुलंटच घालावे. मात्र कुलंट विषारी असते, सांडले तर लगेच धुऊन टाकावे. वासराने किंवा कुत्र्याने चाटता कामा नये.

टायरमधली हवा गाडी चालण्याआधी, टायर थंड असताना मोजावी. आकडा बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो. जून २०२५ मध्ये इगतपुरीपासूनचा शेवटचा टप्पा सुरू होऊन समृद्धी महामार्ग पुरा झाला, आता कसारा घाट टाळता येतो. पण त्या सरळ रस्त्यावर उन्हात तासन् तास वेगाने जाताना कमी हवेचा टायर तापतो आणि फुटतो. टायरच्या खाचांत मध्ये मध्ये रबराचे छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की तो काढावा. स्टेपनीही पाहावी. गरज पडते तेव्हा नेमकी तीच बसलेली असते.

आता खास आपल्या घरांसाठी दोन गोष्टी, ज्या गाडीच्या पुस्तकात सापडत नाहीत. डिकीतून खताची गोणी आणली असेल तर सांडलेले दाणे त्याच दिवशी झाडून, पुसून काढा. खत ओलावा ओढते आणि पत्रा खाते. खारदांड्याला खारा वारा गाड्यांचे जे करतो तेच आपल्याकडे युरिया करतो. नाखवादादांच्या घरी गाडीचा खालचा भाग गोड्या पाण्याने धुण्याचा रिवाजच आहे. आणि कीटकनाशकाच्या बाटल्या माणसांबरोबर बंद गाडीतून मुळीच आणू नका, मग त्या कितीही घट्ट बंद असोत. दुसरे म्हणजे उंदीर. गाडी कांद्याच्या चाळीशेजारी किंवा धान्याच्या खोलीला लागून उभी असेल तर आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून वायरी पाहा. आमच्याच गावात एका रात्रीत वायरी कुरतडल्या गेल्या आणि बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला ऐनवेळी शेजाऱ्याचा पिकअप घ्यावा लागला.

खारदांड्याहून परतताना आम्ही घाटनदेवीला थांबलो. आईने ओटी भरली. मी गाडीत बसून ते पुस्तक पहिल्यांदा उघडले आणि लाल दिव्याचे पान काढले. सौभाग्यवती परत आली, तिने डोकावून पाहिले आणि म्हणाली, "आता वाचताय?"

त्या दिवसापासून आमच्या घरी गाडीखाली रात्री एक जुना पुठ्ठा असतो. तो घालणे आणि सकाळी पाहणे हे काम तिने स्वतःकडे घेतले आहे. काळा डाग इंजिन ऑइलचा, हिरवा किंवा गुलाबी कुलंटचा, फिकट आणि बोटाला बुळबुळीत लागणारा बहुधा ब्रेकच्या तेलाचा, हे तिला आता माझ्यापेक्षा चांगले कळते. परवा नाशिकहून परतलो, गाडी लावली, थोड्या वेळाने पुठ्ठ्यावर पुढच्या बाजूला ओल दिसली. मी म्हणालो, "एसीचं पाणी आहे."

"बोट लावून पाहिलंत का?"

मी वाकलो आणि बोट लावले. पाणीच होते.