आमचंही माजघर

रात्रीचे साडेदहा वाजले की आमच्या घरात दोन पक्ष पडायचे. आई म्हणायची, "शाळा आहे सकाळी, झोप!" आणि मी ताईच्या मागे लपून टीव्ही बघायचो. साल २०१५. झी मराठीवर 'दिल दोस्ती दुनियादारी' लागायची. मुंबईतलं एक घर, नाव माजघर, आणि त्यात राहणारे सहा जण. चक्क सासू नसलेली मालिका! भोळा आशू, गिटारवाला कैवल्य, नटी व्हायला धडपडणारी मीनल, ॲना, नवऱ्याचं दुसरीकडे प्रेम आहे हे कळल्यावर इथे आलेली रेश्मा आणि सुजय. सुजय म्हणजे सॉफ्टवेअरवाला, सतत नियम सांगणारा. त्याला आम्ही फार हसायचो.

तेव्हाच ठरवलं होतं, मोठं झाल्यावर असंच राहायचं.

सेकंड इयरला हॉस्टेल सोडून चौघांनी फ्लॅट घेतला. दारावर खडूने 'माजघर' लिहिलं (हसा, हसा!). प्रत्येकाला कैवल्य व्हायचं होतं. पण लाईट बिल, डब्याचे पैसे, सिलिंडर... शेवटी मीच एक वही घातली. नाव, तारीख, रुपये. तीन महिन्यांत माझा पार सुजय झाला.

ऐन सबमिशनच्या आठवड्यात एकाशी वाजलं. चारशे रुपयांवरून. मी सगळ्यांसमोर वही वाचून दाखवली. आमच्यातला आशूच तो, एरवी कशावरही हसणारा. त्या दिवशी काहीच बोलला नाही. पीएल लागली तशी गादी गुंडाळून दुसऱ्या रूमवर गेला. नंतर कळलं, त्या महिन्यात त्याच्या घरून पैसेच आले नव्हते.

सुट्टीत मालिका परत बघायला घेतली. हसू अजूनही येतं, पण आता रागही येतो. यांचं भांडण इतक्या पटकन मिटतं कसं? आणि नियम सांगून सांगून सगळ्यांना वैताग देणारा सुजय रात्री त्यांच्याच घोळक्यात कसा काय बसलेला असतो? २०१७ साली हीच मंडळी 'दिल दोस्ती दोबारा'मध्ये नवी नावं घेऊन आली, तेव्हा मी रुसलो होतो. माजघर सोडून गेलेच कसे, म्हणून!

वहीतले ते चारशे मी खोडलेत. तो कॅन्टीनला दिसतो अधूनमधून. अजून बोललो नाहीये.