वाऱ्याची संमती

भूमध्य समुद्राच्या ग्रीसलगतच्या भागास इजियन समुद्र म्हणतात. तेथे डेलॉस या चिमुकल्या बेटाभोवती सिक्लाडीस बेटांनी जणू फेर धरला आहे. उन्हाळ्याच्या सुटीत शिडाच्या नौकेतून पारोस, नाक्सोस, सँटोरिनी अशी बेटे पाहत जावे, असा बेत पुष्कळ लोक आखतात. नकाशावर बोट फिरविले की प्रवास क्षणात संपतो! परंतु जुलै-ऑगस्टमध्ये तेथे उत्तरेकडून मेल्तेमी वारा सुटतो. आकाश निरभ्र, आणि समुद्र मात्र खवळलेला! दक्षिणेकडे जाताना हा वारा नौकेला पुढे ढकलतो. परतताना तोच वाट अडवितो. म्हणून जाणता नाविक परतीसाठी दोन-तीन दिवस राखून ठेवतो आणि वारा वाढला की निमूटपणे बंदरात थांबतो. हे भित्रेपण नव्हे. बेत माणसाने आखावा; निघण्याची वेळ मात्र वाऱ्याला विचारून ठरवावी.