पंप गेला म्हणजे नक्की काय गेलं?

टो होऊन आलेल्या गाडीसोबत मालक बहुतेक वेळा आजाराचं नावही घेऊन येतो. ‘पंप गेलाय.’ वाटेत कुणीतरी सांगितलेलं असतं. इंजिन फिरतंय पण धरत नाही, एवढ्यावरून काढलेलं हे अनुमान. सातारा हायवेवर गॅरेज चालवताना माझं मत पक्कं झालंय, की फ्युएल पंपाच्या कामात लोक फसतात ते पंपाच्या किमतीत कमी. न बिघडलेला पंप बदलण्यात जास्त.

ॲम्बेसेडर-पद्मिनीच्या काळात पंप इंजिनाच्या अंगालाच असे. खंबाटकी चढताना तो तापायचा, आत पेट्रोलची वाफ धरायची. मग ड्रायव्हर त्यावर ओलं फडकं टाकून लांब जाऊन बिडी ओढत बसायचा. आतला रबरी पडदा फाटला तर किट टाकून काम भागायचं. इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत पंप टाकीत गेला, विजेवर चालू लागला, आणि त्यासोबत दिसेनासाही झाला. जे दिसत नाही त्याचं बिल मोठं होतं.

म्हणून आधी कान लावा. मागे शांतता असताना चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. बहुतेक गाड्यांत मागच्या सीटखालून दोनेक सेकंद बारीक घूंऽऽ येतं. आवाज आला नाही तरी लगेच पंपाला दोष देऊ नये. फ्यूज पाहावा, मग रिले. हॉर्नचा आणि पंपाचा रिले एकाच बनावटीचा असेल, तर दोघांची अदलाबदल केली की दुधाचं दूध होतं. काहीशे रुपयांच्या रिलेपायी हजारोंचा पंप बदललेल्या गाड्या मी पाहिल्यात. काही फोर्ड गाड्यांत धक्का बसला की पेट्रोल तोडणारा स्विच असतो. मोठ्या खड्ड्यानेही तो उडतो, आणि बटण दाबलं की गाडी सुरू. क्रँक सेन्सर मेला तरी इंजिन फिरतंय हे ईसीयूला कळत नाही आणि तो पंपाचा पुरवठा बंद करतो.

आवाज येतो पण गाडी चढाला ओढत नाही, तेव्हा खरं माप लागतं ते गेजचं. बऱ्याच साध्या पेट्रोल गाड्यांत दाब साधारण ३ ते ४ बार असतो; तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळतो. मिस्त्रीला ‘किती बार आला?’ एवढंच विचारा. उत्तराला आकडा नसेल तर त्याने गेज लावलेला नाही. दाब कमी आला तरी पंप चालू असताना त्याच्या कनेक्टरवर व्होल्टेज तपासावं. बॅटरीला १२ आणि तिथे ९-१० मिळत असेल, तर दोष गंजलेल्या अर्थिंगचा किंवा जळक्या पिनेचा. नवा पंपही तिथे रडतच चालेल.

पंप खरंच गेला असेल, तर पुढचा प्रश्न असा, की मोटर टाकायची की पूर्ण असेंब्ली? असेंब्लीत मोटर, जाळी, रेग्युलेटर, काट्याचा फ्लोट सगळं येतं आणि किंमत नुसत्या मोटरच्या कित्येक पट होते. शोरूममध्ये सहसा असेंब्लीच मिळते. पुण्याच्या नाना पेठेत किंवा तुमच्या गावच्या स्पेअरवाल्याकडे बऱ्याच मॉडेलची मोटर सुटी मिळते. प्लास्टिकचा साचा तडकलेला नसेल आणि काटा बरोबर चालत असेल, तर चांगल्या कंपनीची मोटर, नवी जाळी आणि नवं सील पुरतं. सील जुनंच ठेवून पैसे वाचवू नका, नाहीतर गाडीत पेट्रोलचा वास आणि आगीची भीती. साचाच तडकला असेल तर मात्र असेंब्लीला पर्याय नाही.

मजुरी गाडीवर ठरते. मागच्या सीटखाली झाकण असेल तर तासा-दीड तासाचं काम. टाकी उतरवावी लागली तर अर्धा दिवस. म्हणून ‘टाकी उतरवणार का?’ हे भाव ठरण्याआधी विचारावं. झाकण असलेल्या गाडीला टाकी उतरवल्याची मजुरी लावणारे आहेत. बिलही वाचावं. पाकिटावरच्या एमआरपीत सगळे कर आलेले असतात. तिच्यावर पुन्हा जीएसटी चढवता येत नाही. मजुरीवर तो वेगळा लागतो, ते रास्त आहे. २२ सप्टेंबर २०२५ला सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा जुन्या छापाचं पाकीट असेल तर नवी किंमत विचारा. दुकानदार ऐकत नसेल तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

जुना पंप परत मागाच. त्याची जाळी पाहा. काळा गाळ किंवा गंज चिकटला असेल तर टाकी साफ न करता बसवलेला नवा पंपही लवकरच परत येईल. कायम रिझर्व्हवर गाडी चालवणाऱ्यांचे पंप लवकर जातात, कारण मोटरला थंड ठेवतं ते टाकीतलं पेट्रोलच. बीएस-६ नंतरच्या इंजेक्शनवाल्या दुचाकींचंही तेच. पाव टाकी तरी ठेवा.

डिझेलच्या कॉमन रेलचा हाय-प्रेशर पंप हे प्रकरण वेगळं. तिथे हजार बारच्या वरचा दाब असतो, ते काम टेस्ट-बेंच असलेल्या पंपवाल्याचं. माझ्याकडे आलेली अशी गाडी मी तिकडेच पाठवतो.

ऑनलाइन मागवलेला पंप घेऊन कुणी आलं तर मी बसवून देतो. बिलावर मात्र लिहितो की माल गिऱ्हाइकाचा, हमी फक्त मजुरीची. यावर काहीजण रुसतात. त्यांना बसवण्याआधी तोच पंप गेजवर लावून दाखवतो, आकडा त्यांच्या डोळ्यांसमोर येतो.